टार्गेट छापता तर ईपीएस पण छापा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या अर्थ पानावर उजव्या बाजूला रोज एक चौकट येते. पाच-सहा शेअर, समोर ब्रोकरेजचं (म्हणजे शेअर दलाली करणाऱ्या फर्मचं) नाव, बाय की सेल (घ्या की विका) आणि टार्गेट, म्हणजे शेअर साधारण वर्षभरात कुठल्या भावाला जाईल तो अंदाज. बास, एवढंच. कधी त्यातलाच एखादा उचलून वर मोठं हेडिंग पण असतं, अमुक शेअर ३० टक्के वाढणार म्हणून. ही चौकट बंद करा असं माझं म्हणणं अजिबात नाही, आमच्या कॉलनीत पेपर आला की बरेच जण आधी तेच पान काढतात. माझं म्हणणं एवढंच की ब्रोकरेजच्या वीस-पंचवीस पानी रिपोर्टमधून तुम्ही नेमका तो आकडा उचलता ज्याच्यावर सगळ्यात कमी भरवसा ठेवावा, आणि ज्या आकड्यांवरून तो निघाला ते तिकडेच राहतात. वाचकाला उत्तर मिळतं, गणित मिळत नाही.

गणित काय असतं ते सांगतो, कारण बऱ्याच लोकांना वाटतं की टार्गेट म्हणजे आतली काहीतरी खबर काढून ठरवलेला भाव. तसं नसतं. (चार्टवाले वेगळे, त्यांचं टार्गेट आठ-पंधरा दिवसांचं असतं, त्यांच्याबद्दल हे पत्र नाही.) ॲनालिस्ट, म्हणजे ब्रोकरेजचा अभ्यासक, आधी अंदाज बांधतो की कंपनी पुढच्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षी किती विक्री करेल, मार्जिन (विक्रीतला नफ्याचा वाटा) किती राहील, व्याज आणि टॅक्स जाऊन नफा किती उरेल, तो नफा शेअरच्या संख्येने भागला की ईपीएस, म्हणजे एका शेअरमागे नफा. मग तो ठरवतो की या कंपनीला बाजार नफ्याच्या किती पट भाव देईल, तो झाला पीई. दोन्हीचा गुणाकार म्हणजे टार्गेट. समजा ईपीएस ४० रुपये धरला आणि पीई २५, तर टार्गेट १०००. शेअर आज ८०० ला असेल तर तुमच्या चौकटीत येणार, बाय, टार्गेट १०००, वाढ २५ टक्के. बँकांना बुक व्हॅल्यूची (मालमत्तेतून देणी वजा करून उरतं त्याची) पट लावतात, काही जण पुढच्या दहा वर्षांचा कॅश फ्लो धरून आजची किंमत काढतात, मोठ्या ग्रुप कंपनीचा प्रत्येक धंदा वेगळा मोजून बेरीज करतात, पण सगळीकडे एक अंदाज आणि त्याच्या डोक्यावर बसवलेला दुसरा अंदाज हेच असतं.

मी वाळूजला एका ऑटो पार्ट कंपनीत कॉस्टिंगला होतो, आता रिटायर आहे, त्यामुळे यात पाणी कुठे मुरतं ते जरा माहितीये. वरचीच कंपनी घ्या. विक्री १००० कोटी. माल, वीज, वाहतूक असा विक्रीबरोबर कमी-जास्त होणारा खर्च ६०० कोटी. पगार, भाडं, घसारा, व्याज असा काही झालं तरी होणारच तो खर्च ३०० कोटी. उरला नफा १०० कोटी (टॅक्स सध्या बाजूला ठेवू). शेअर अडीच कोटी धरले की ईपीएस ४०. आता विक्री फक्त ५ टक्के कमी झाली, ९५० कोटी आली. बदलता खर्च ५७० वर येईल पण ते ३०० काही हलत नाहीत. नफा राहिला ८०. म्हणजे विक्रीच्या अंदाजात ५ टक्के चूक आणि नफ्यात २० टक्के. ईपीएस ४० चा ३२ झाला, ३२ गुणिले २५ म्हणजे ८००. आज जो भाव आहे तेच टार्गेट झालं, ती २५ टक्के वाढ गेली. आणि एवढ्यावर भागत नाही कारण नफा कमी आला की बाजार पीई पण कापतो, २५ चा २० केला की ६४०. आता विक्रीचा अंदाज ५ टक्क्यांनी चुकणं ही काही मोठी चूक नाही हो, आमच्याकडे गाडीवाल्या कंपनीचं शेड्यूल महिन्याच्या सुरुवातीला यायचं आणि महिना संपेपर्यंत त्यात याहून जास्त फरक पडलेला असायचा, आणि तो फरक का पडला हे त्यांनाही धड सांगता यायचं नाही. उलटं पण होतं अर्थात, विक्री ५ टक्के जास्त आली तर नफा १२०, ईपीएस ४८, मग तोच ॲनालिस्ट टीव्हीवर हुशार.

कोणी म्हणेल की तुमची कंपनी लहान, मोठ्यांचं सगळं नीट ठरलेलं असतं. मग इन्फोसिस बघा. १९८१ साली पुण्यात सुरू झालेली कंपनी, हिशोबाच्या शिस्तीसाठी नावाजलेली, आणि वर्षाच्या सुरुवातीला स्वतःहून सांगते की चलनाच्या भावातला फरक वगळून यंदा विक्री किती टक्के वाढेल. त्याला गायडन्स म्हणतात. (टीसीएस असा आकडा देतच नाही, तेही एक शहाणपणच.) एप्रिल २०२३ मध्ये इन्फोसिस म्हणाली, २०२३-२४ ला ४ ते ७ टक्के. बाजाराला तेवढंही कमी वाटलं, १७ एप्रिलला सोमवारी शेअर दिवसात १२ टक्क्यांपर्यंत आपटला. पुढे जुलैमध्ये ४ ते ७ चे १ ते ३.५ झाले. ऑक्टोबरमध्ये १ ते २.५. जानेवारी २०२४ मध्ये, वर्ष संपायला जेमतेम अडीच महिने राहिलेले, तेव्हा १.५ ते २. आणि एप्रिलमध्ये प्रत्यक्ष आकडा आला १.४. शेवटच्या रेंजच्या खालच्या टोकाच्याही खाली. पुढच्या वर्षी बरोबर उलटं झालं, सुरुवात १ ते ३ ने, मग ३ ते ४, मग ३.७५ ते ४.५, मग जानेवारी २०२५ मध्ये ४.५ ते ५, आणि हातात आले ४.२. पहिल्या वर्षी सुरुवातीला फार जास्त सांगितलं, दुसऱ्या वर्षी फार कमी, आणि दोन्ही वर्षी शेवटचा आकडा पण चुकला.

आता विचार करा. कुठलं कॉन्ट्रॅक्ट कधी सुरू होणार, कुठल्या क्लायंटने खर्च पुढे ढकललाय, बेंचवर, म्हणजे कामाविना, किती पोरं बसलीयेत हे ज्यांना रोज माहीत असतं त्यांना त्याच वर्षाची नुसती विक्री सांगता येत नाही, नफा तर पुढची गोष्ट, मग मुंबईत बीकेसीत बसून पंधरा-वीस कंपन्या सांभाळणाऱ्या ॲनालिस्टला दोन वर्षांनंतरचा ईपीएस ४७.३५ असा दोन दशांश स्थळांपर्यंत कसा सांगता येईल? मी त्याला नावं ठेवत नाहीये, ती पोरं रात्र-रात्र एक्सेलवर बसतात, डीलरना फोन करतात, कारखाने बघून येतात. फक्त ४७.३५ दिसलं की वाचणाऱ्याला वाटतं मोजून आणलंय, आणि ते मोजलेलं नसतं.

हवामान खातं एप्रिलमध्ये मान्सूनचा अंदाज देतं तेव्हा सोबतच सांगतं की ५ टक्के इकडे-तिकडे होईल. २०२३ ला सरासरीच्या ९६ टक्के म्हणाले होते, पडला ९४. मराठवाड्यात त्या वर्षी काय हाल झाले ते वेगळं, पण अंदाज देणाऱ्याने चुकीला जागा ठेवली होती. टार्गेटमध्ये ही इकडे-तिकडेची जागाच नसते. काही चांगले रिपोर्ट बुल, बेस, बेअर असे तीन आकडे देतात, सगळं नीट झालं तर १३००, अंदाजाप्रमाणे झालं तर १०००, बिघडलं तर ६५०, असे. माझ्या मते रिपोर्टमधला तो सगळ्यात प्रामाणिक तक्ता. तुमच्या चौकटीत मधलाच एकटा येतो.

टार्गेट किती वेळा खरं होतं याचा अभ्यास पण झालेला आहे. अमेरिकेतल्या २००० ते २००९ या काळातल्या टार्गेटांवर तिघा संशोधकांनी काम केलं, त्यात निघालं की बारा महिने संपले त्या दिवशी शेअर टार्गेटला किंवा वर होता असं ३८ टक्के वेळा, आणि वर्षभरात कधीतरी एकदा टार्गेटला शिवून गेला असं ६४ टक्के वेळा. दोन आकड्यांत केवढा फरक आहे बघा. ब्रोकरेज जेव्हा जाहिरात करतं की आमची इतकी टार्गेटं पूर्ण झाली तेव्हा तो बहुतेक दुसऱ्या प्रकारचा आकडा असतो, शिवून गेला की झालं, नंतर खाली आला तर तो तुमचा प्रश्न.

बरं मग रिपोर्ट वाचूच नये का? वाचावा, पण वेगळ्या ठिकाणी वाचावा. मी पहिल्या पानावरचा टार्गेटचा गोल सोडतो आणि छोटा तक्ता शोधतो, ज्यात जुना अंदाज आणि नवा अंदाज शेजारी-शेजारी असतात. विक्री आधी किती धरली होती आता किती, मार्जिन आधी किती आता किती, ईपीएस आधी किती आता किती. अंदाज किती आहे यापेक्षा तो कुठल्या बाजूला सरकतोय ते जास्त कामाचं, आणि एकाचा नाही, चार-पाच जणांचा. सगळेच तीन क्वार्टर ओळीने ईपीएस कापतायत आणि तरी सगळ्यांचं रेटिंग बायच आहे, असं दिसलं की मी सावध होतो. २०२४-२५ मध्ये हेच झालं, वर्षाच्या सुरुवातीला निफ्टीच्या (५० मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक) कंपन्यांच्या नफ्यात दोन आकडी वाढ धरलेली होती, निकाल येत गेले तसतशी ती कापत गेले, आणि २७ सप्टेंबर २०२४ ला २६,२७७ ला गेलेला निफ्टी मार्च २०२५ च्या सुरुवातीला २२ हजारांच्या आसपास होता. या काळात चौकटीतले शब्द मात्र तेच होते, बाय, बाय, ॲड, बाय.

आणि एक गंमत त्या तक्त्यातच दिसते. कधी कधी टार्गेट वाढवलेलं असतं पण ईपीएसला हातच लावलेला नसतो, किंवा थोडा कापलेलाच असतो. मग टार्गेट वाढलं कशाने? दोन कारणं असतात. एक, पीई वाढवला, शेअर आधीच पळालेला असतो आणि जुनं टार्गेट मागे पडलेलं असतं, मग २५ च्या जागी ३० पट. म्हणजे भाव टार्गेटच्या मागे नाही, टार्गेट भावाच्या मागे धावतंय. दुसरं, रोल फॉरवर्ड. आत्तापर्यंत मार्च २०२७ चा ईपीएस धरत होते, आता सप्टेंबर २०२७ पर्यंतचा धरायला लागले. नफा वर्षाला १५ टक्के वाढेल असं गृहीत असेल तर नुसतं सहा महिने पुढे सरकल्याने टार्गेट सात टक्के वाढतं, कंपनीत काडीचा बदल न होता. तुमच्याकडे हेडिंग येतं, ब्रोकरेजने टार्गेट वाढवलं. खोटं नाहीये ते, पण बातमी पण नाहीये.

निकालाच्या दिवशीची गोष्ट जरा वेगळी. तेव्हा नफा किती आला याच्याशी बाजाराला देणंघेणं नसतं, किती येईल असं धरलं होतं आणि तो कशातून आला याच्याशी असतं. एचडीएफसी बँकेने जानेवारी २०२४ मध्ये तिमाहीचा नफा १६,३७३ कोटी दाखवला, वर्षापूर्वीपेक्षा ३३ टक्के जास्त, आणि दुसऱ्या दिवशी, १७ जानेवारीला, शेअर एका दिवसात आठ टक्क्यांहून जास्त पडला. माझा पुतण्या फोन करून विचारत होता की काका हे कसं काय. अरे बाबा, १ जुलै २०२३ ला एचडीएफसी लिमिटेड त्यात विलीन झाली, मग वर्षापूर्वीच्या आकड्याशी तुलनाच लागत नाही, शिवाय नफ्यात जुन्या टॅक्सच्या तरतुदीतून परत आलेली रक्कम होती जी दरवेळी येणार नाही, आणि लोक ज्याची वाट बघत होते ते ठेवी हव्या तेवढ्या वाढणं आणि मार्जिन सुधारणं दोन्ही झालं नाही. नफा अंदाजापेक्षा बरा आला एवढंच वाचणाऱ्याला तो दिवस कळलाच नसता. म्हणून बीट की मिस (अंदाजाच्या वर की खाली) हा शब्द वाचून थांबायचं नाही, नफ्यातला किती रोजच्या धंद्याचा आणि किती जमीन विकून, टॅक्स परत येऊन, इतर उत्पन्नातून आला ते बघायचं. कॉस्टिंगच्या माणसाला ही सवयच असते म्हणा.

आता रेटिंगबद्दल. सेल रेटिंग इतकं कमी का दिसतं हे वाचकाला कोणीतरी सांगायला पाहिजे. ब्रोकरेजचं पोट दलालीवर आणि आयपीओ, क्यूआयपी (मोठ्या फंडांना नवे शेअर विकणं) अशा कंपन्यांना पैसे उभे करून द्यायच्या कामांवर चालतं. ज्या कंपनीला सेल म्हणायचं तीच उद्या पैसे उभे करायला बँकर शोधणार. शिवाय ॲनालिस्टला मॅनेजमेंट भेटायला पाहिजे, फोन उचलायला पाहिजे, मोठ्या फंडांना तो मॅनेजमेंटची भेट घालून देतो ते त्याचं एक मोठं काम आहे. सेल लिहिलं की दारं बंद होतात. म्हणून मग न्यूट्रल, होल्ड, रिड्यूस असे मऊ शब्द. माझ्यापुरतं मी बाय म्हणजे बरं, होल्ड म्हणजे निघा असं वाचतो, आणि बायवरून होल्डवर आणलं तर कारण शोधून काढतो. एन्रॉन आठवते ना, वीज प्रकल्पासाठी आपल्याकडे दाभोळला आली होती, गुहागर तालुक्यात, त्यावरून आपल्या राज्यात केवढं राजकारण झालं. ती अमेरिकेत २ डिसेंबर २००१ ला दिवाळखोरीत गेली, आणि त्याच्या महिनाभर आधीपर्यंत तिकडच्या बहुतेक ॲनालिस्टचं रेटिंग बायच होतं. त्यानंतर २००३ मध्ये वॉल स्ट्रीटच्या दहा मोठ्या फर्मनी १.४ अब्ज डॉलर भरून तडजोड केली आणि रिसर्च आणि बँकिंग यांच्यात भिंत घालायचं कबूल केलं. आपल्याकडे सेबीचे (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) रिसर्च ॲनालिस्टचे नियम २०१४ मध्ये आले.

उलटी बाजू पण सांगायला पाहिजे नाहीतर वाटेल की सेल लिहिणारे सगळे संत. जुलै २०१५ मध्ये यूबीएस या परदेशी ब्रोकरेजने येस बँकेवर रिपोर्ट काढला की अडचणीत येऊ शकतील अशा कंपन्यांना दिलेली कर्जं बँकेच्या नेटवर्थपेक्षा (स्वतःच्या भांडवलापेक्षा) जास्त आहेत. बँकेने जोरात खंडन केलं. शेअर सुरुवातीला पडला आणि मग पुढच्या तीन वर्षांत दुपटीहून जास्त झाला, ऑगस्ट २०१८ मध्ये ४०० च्या वर (मध्ये २०१७ ला एकाचे पाच झाले ते धरून). ज्याने रिपोर्ट वाचून विकला त्याला तीन वर्षं घरच्यांनी ऐकवलं असणार. आणि मग ५ मार्च २०२० ला रिझर्व्ह बँकेने मोरेटोरियम लावलं, खात्यातून ५०,००० च्या वर काढता येईना, शेअर दुसऱ्या दिवशी काही वेळ दोन आकड्यांतून एका आकड्यात गेला. भावाचा अंदाज म्हणून तो रिपोर्ट तीन वर्षं चुकीचा होता, कर्जांची तपासणी म्हणून पहिल्या दिवसापासून बरोबर होता. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवून वाचता आल्या पाहिजेत, आणि चौकटीत फक्त पहिलीच छापून येते.

पेटीएमचं तर मी सगळ्यांना सांगत असतो. १८ नोव्हेंबर २०२१, लिस्टिंगचा दिवस, आयपीओचा भाव २१५०. त्याच सकाळी मॅक्वारी या परदेशी ब्रोकरेजचा रिपोर्ट, अंडरपरफॉर्म (म्हणजे बाजारापेक्षा मागे राहील, सेलसारखंच), टार्गेट १२००. शेअर पहिल्याच दिवशी २७ टक्के पडून १५६० च्या आसपास बंद. काय ती धडाडी, सगळीकडे नाव झालं, आणि योग्यच होतं, कारण रिपोर्टमध्ये मुद्दा स्वच्छ मांडलेला होता की कंपनी खूप गोष्टी करते पण कशातून पैसा कमावणार ते दिसत नाही. कंपनीला नफाच नव्हता तर पीई कशाला लावणार, विक्रीवरून हिशोब केला होता. पण पुढची टार्गेटं बघा. १२०० चं ९००, मग ७००, मग ४५०. शेअर पडत होता, टार्गेट त्याच्या मागे खाली जात होतं. २०२३ च्या सुरुवातीला रेटिंग थेट अंडरपरफॉर्मवरून आउटपरफॉर्म, टार्गेट ८००. ३१ जानेवारी २०२४ ला रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले, मग फेब्रुवारीत पुन्हा अंडरपरफॉर्म, टार्गेट ६५० वरून २७५. शेअर मे २०२४ मध्ये ३१० पर्यंत गेला आणि तिथून फिरला, डिसेंबरमध्ये १००० च्या वर. २७५ बघून ३२० ला विकणारे लोक मला माहीत आहेत. आता यात मॅक्वारीने फसवलं का? नाही. प्रत्येक वेळी समोर असलेल्या माहितीवर त्यांनी नवा अंदाज बांधला, रिझर्व्ह बँक उद्या काय करेल हे त्यांना कोण सांगणार. पण सेबीच्या नियमाप्रमाणे रिपोर्टच्या शेवटी भावाचा जो आलेख द्यावा लागतो, वर्षभरापेक्षा जास्त कव्हर केलेली कंपनी असेल तर, तो बघा, आणि त्याच्यावर जुनी टार्गेटं मांडा, बहुतेक ठिकाणी भाव आणि टार्गेट हातात हात घालून चाललेले दिसतात.

आणि सत्यम, ती हैदराबादची आयटी कंपनी. तिचे अध्यक्ष रामलिंग राजू यांच्या ७ जानेवारी २००९ च्या कबुलीच्या पत्रात लिहिलेलं होतं की सप्टेंबर २००८ च्या तिमाहीत विक्री २७०० कोटी आणि ऑपरेटिंग नफा ६४९ कोटी दाखवला, खरी विक्री २११२ कोटी आणि खरा नफा ६१ कोटी होता. ६४९ चे ६१. ॲनालिस्टचं सगळं मॉडेल कंपनीने दिलेल्या आकड्यांवर उभं असतं, खालचाच आकडा खोटा तर वर कितीही बारीक काम करा. याच्यावर वाचकाने काय करावं याचं माझ्याकडे एकच उत्तर आहे, नफा कागदावर दिसतो तेवढा कॅश फ्लोमध्ये पण येतोय का ते सलग चार-पाच वर्षांचं बघणं, आणि त्यानेही सत्यम सापडली असती असं मी म्हणणार नाही कारण तिथे बँकेतली शिल्लकच खोटी होती.

रिपोर्टचं शेवटचं पान बारीक अक्षरात असतं म्हणून कोणी वाचत नाही. तिथे लिहावंच लागतं की ॲनालिस्टकडे किंवा त्याच्या नातेवाइकांकडे तो शेअर आहे का, फर्मकडे १ टक्का किंवा जास्त आहे का, गेल्या बारा महिन्यांत त्या कंपनीकडून पैसे घेतलेत का, तिच्या इश्यूचं काम केलंय का. रेटिंगची व्याख्या पण तिथेच, एका घरात बाय म्हणजे १५ टक्क्यांच्या वर, दुसऱ्या घरात १० च्या वर, त्यामुळे दोन ब्रोकरेजची नुसती रेटिंग शेजारी छापून तुलना होत नाही. आणि रिसर्च ॲनालिस्टचा सेबीचा रजिस्ट्रेशन नंबर इंग्रजी आयएनएच या अक्षरांनी सुरू होतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर टार्गेट पाठवणाऱ्याला तो नंबर विचारा, आणि दिला तर सेबीच्या साइटवर जाऊन नाव जुळतं का बघा. टीव्हीवर दिसतो म्हणून विश्वास ठेवण्याचा प्रकार पण कमी करा, फेब्रुवारी २०२४ मध्ये सेबीने एका बिझनेस चॅनेलच्या पाहुण्या एक्सपर्ट लोकांच्या प्रकरणात ७.४१ कोटी जप्त करायचा अंतरिम आदेश दिला होता, आरोप असा की टीव्हीवर सल्ला द्यायच्या आधीच तो दुसऱ्यांना कळवला जायचा आणि ते आधी घेऊन ठेवायचे.

ज्यांना थोडा वेळ आहे त्यांनी रिपोर्टच्या आधी कंपनीच्या कॉनकॉलची (निकालानंतर मॅनेजमेंट आणि ॲनालिस्ट यांचं फोनवरचं बोलणं) ट्रान्सक्रिप्ट वाचावी, एक्स्चेंजच्या साइटवर फुकट असते, निकालानंतर काही दिवसांत येते. तिथे तेच ॲनालिस्ट प्रश्न विचारत असतात, आणि कुठल्या प्रश्नाला सीएफओ (कंपनीचा अर्थप्रमुख) दोन मिनिटं बोलूनही उत्तर देत नाही ते वाचताना लगेच कळतं. मग रिपोर्ट उघडून बघा की त्या टाळलेल्या प्रश्नावर ॲनालिस्टने काय धरलंय. आणि एक उलटा हिशोब जरूर करा. टार्गेट विसरा, आजचा भाव घ्या, ८०० रुपये. गेल्या वर्षीचा ईपीएस २५ असेल तर ३२ पट भाव चाललाय. भाव हाच राहून पट २० वर यायला ईपीएस ४० लागेल, नफा १७ टक्क्यांनी वाढला तर तीन वर्षं लागतील. ही कंपनी तीन वर्षं ओळीने १७ टक्के वाढेल का, मागच्या दहा वर्षांत कधी वाढली होती का? या प्रश्नाचं उत्तर द्यायला ॲनालिस्टच्या रिपोर्टमधले धंद्याचे भाग खरंच उपयोगी पडतात, कारखान्याची कपॅसिटी, मार्केट शेअर, कच्च्या मालाचा भाव, स्पर्धक काय करतोय. तेवढ्यासाठी मी रिपोर्ट जपून ठेवतो.

तर चौकटीसाठी माझी विनंती. टार्गेटच्या शेजारी रिपोर्टची तारीख द्या, जुनं टार्गेट द्या, कुठल्या वर्षाचा ईपीएस धरलाय आणि तो आधी किती होता ते द्या, पीई किती लावला ते द्या. सहा शेअरऐवजी तीनच द्या, चालेल. ब्रोकरेजने त्या कंपनीच्या इश्यूचं काम केलं असेल तर एक फुली मारा. आणि वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुमारास जेव्हा सगळे संवत स्पेशल दहा शेअर छापतात, तेव्हा मागच्या दिवाळीच्या दहा शेअरचं काय झालं ते त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापा. तुमच्याकडे जुने अंक आहेत, एका माणसाचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. कोणी तयार नसेल तर मी फुकट करून देतो, आकडे जुळवणं हेच तर आयुष्यभर केलं.

पत्र लांबलंय, मला माहितीये. कापावं लागलं तर एन्रॉनचा भाग कापा, इन्फोसिसचा आणि त्या ९५० कोटींच्या गणिताचा तेवढा ठेवा.

आपला नियमित वाचक,
छत्रपती संभाजीनगर